जुन्या कॉम्प्युटरवर चारच गेम ठेवा

वणी तालुक्यातल्या आमच्या गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. मे महिन्यात दुपारी कोणी दाखला काढायला फिरकत नाही. तेव्हा मागच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर गावातली पोट्टी बसतात. त्यावर मी मुद्दाम चारच गेम ठेवलेत. फक्त बंदूक चालवणाऱ्या पोराला दुसरंही काही आवडू लागावं म्हणून. तुमच्या घरी जुना लॅपटॉप पडून असेल तर तुम्हालाही हे जमेल.

चार गेम म्हणजे चार जातींचे हवेत. फोनवर गोळीबाराचा एक गेम घेतला की त्याखाली तसलेच दहा दिसतात, आणि पोरगं नावं बदलून तेच खेळत राहतं. बंदीनंही आवड बदलत नाही. 2022 च्या फेब्रुवारीत फ्री फायरवर बंदी आली, आमचे पोट्टे सरळ त्याच्याच फ्री फायर मॅक्स या जोडगेमवर गेले. दुसरी अट म्हणजे गेम फुकट हवा, त्यात जाहिरात नको आणि खेळताना नेट लागायला नको. गावात टॉवर आहे, रेंज मात्र मर्जीची मालकीण.

सुरुवात ओपनटीटीडीनं करा. 1995 च्या ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्सवरून बनवलेला हा फुकट गेम आहे आणि जुन्या मशीनवरही चालतो. खाणीतला कोळसा वीजकेंद्राला पोचवायचा आणि भाडं कमवायचं. माल किती, अंतर किती आणि पोचायला वेळ किती लागला, यावर भाडं ठरतं. पहिल्या दिवशी मला हमखास विचारतात, "भाऊ, याच्यात मारा लागते कोनाले?" उत्तर देऊ नका. थेट रेल्वेलाही हात लावू देऊ नका, सिग्नल कळत नाहीत आणि पोरगं उठून जातं. आधी ट्रक घ्यायचा. खाणीपाशी एक ठाणं, वीजकेंद्रापाशी एक, मध्ये रस्ता आणि कुठंतरी डेपो. खाणीच्या ठाण्यावर ‘पूर्ण भरेपर्यंत थांब’ असा हुकूम द्यायचा, नाहीतर ट्रक अर्धा रिकामाच पळतो. पैसे साठले की रूळ. एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की खरा गेम सुरू होतो. इकडच्या पोरांनी कोळशाच्या मालगाड्या लहानपणापासून पाहिल्यात, पण फाटकापाशी गाडी एवढा वेळ का खोळंबते हे त्यांना इथं कळतं. (कंपनी सुरू होते तीच कर्जावर. हे पाहून शेतकऱ्यांची पोरं जे हसतात ते ऐकण्यासारखं असतं.)

दुसरा बॅटल फॉर वेस्नॉथ. लढाईच आहे, पण पाळीपाळीनं, षटकोनी घरांच्या नकाशावर. फ्री फायरवाल्याला इकडं आणायचा सोपा पूल हाच. त्याला सवय असते सुसाट घुसायची. इथं दिवसा माणसांच्या फौजेचा जोर वाढतो आणि रात्री ऑर्कांचा, म्हणजे राक्षसांच्या फौजेचा. एल्फांना, म्हणजे वनात राहणाऱ्या परीकथेतल्या लोकांना, जंगलात टिपणं अवघड. शिकवणीचा भाग आधी खेळायला लावा, मग एकच गोष्ट सांगा: संध्याकाळ व्हायच्या आत मागं फिर. तो ऐकणार नाही. फौज कापली गेली की पुढच्या वेळी शेजारी बसलेलाच ओरडतो, "थांब न बे, अंधार होऊन रायला!" वाचलेले सैनिक मोहिमेच्या पुढच्या लढाईत परत बोलावता येतात, म्हणून पोरं एकेकाला जपायला लागतात. बंदुकीच्या गेममध्ये हे मी कधी पाहिलं नाही.

तिसरा शॅटर्ड पिक्सेल डन्जन. भुयारात राक्षसांशी लढत एकेक मजला खाली उतरायचं. दर वेळी नकाशा नवा, कोणतं औषध कोणत्या रंगाच्या बाटलीत तेही बदलतं. मेला की पहिल्यापासून. याचा फायदा असा की पाळीचं भांडण मिटतं: मेला तो उठला.

चौथं सायमन टॅथमचं कोड्यांचं गाठोडं. जेमतेम जागेत चाळीसेक कोडी. त्यातल्या माइन्समध्ये, म्हणजे लपलेले सुरुंग ओळखायच्या कोड्यात, अंदाजानं बोट ठेवायची वेळ येत नाही, प्रत्येक पट विचारानं सुटतो. आमच्याकडची नववीतली एक मुलगी फक्त अनटँगल, म्हणजे एकमेकींवरून गेलेल्या रेघांचा गुंता, सोडवते, बाकी तिन्हींकडं बघत नाही. ठीक आहे, तिला ओढू नका.

आता नियम. सुट्टी संपेपर्यंत पाचवा गेम येणार नाही. सुरुवातीला पोरं कंटाळतात, मोबाइल काढतात, परत येतात. त्या कंटाळ्यात तुम्ही मध्ये पडू नका. नवा गेम मागितला तर विचारा, ‘चारातला कोणता काढू?’ बाकीचे कबूल झाले तरच काढायचा. माझ्याकडं अजून एकही निघालेला नाही, कारण प्रत्येकाचा कोणीतरी वकील असतो.

सुट्टीनंतर पुढचा गेम निवडताना ‘कोणता आवडला’ असं विचारू नका. ‘त्यातलं काय आवडलं’ असं विचारा. रेल्वेचे सिग्नल लावण्यात रमलेल्याला आणखी गाड्यांचा गेम देण्यापेक्षा कोड्यांकडं वळवा. सैनिक जपणाऱ्याला बुद्धिबळ देऊन पाहा.

आणि वीज जाण्याचं आधी बघा. वेस्नॉथ दर पाळीला आपोआप सेव्ह होतो. ओपनटीटीडीत मात्र सेटिंगमध्ये जाऊन ऑटोसेव्ह चालू आहे ना आणि त्याचं अंतर कमीत कमी आहे ना, ते पाहून ठेवा. नाहीतर भारनियमनात बांधलेली रेल्वे जाते आणि पोरगं तुमच्यावर रागावतं.