पहिल्या सेलिंगला निघण्याआधी: जहाजावरचं आजारपण आणि अपंगत्वाची भरपाई

प्री-सी ट्रेनिंगमध्ये आग विझवायला शिकवतात, लाइफबोट उतरवायला शिकवतात. जहाजावर काम करता करता तब्येत कायमची बिघडली तर पैसे कोण देणार आणि ते मागायचे कसे, हे मात्र कुणी नीट बसवून सांगत नाही. मी थर्ड इंजिनिअर असताना मणक्याच्या त्रासाने घरी आलो आणि भरपाई हातात पडेपर्यंतच्या सगळ्या पायऱ्या चढलो. आता ओळखीतली पोरं पहिल्या जहाजावर निघाली की मी त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो. दाव्यावर सह्या मुंबईत होतात, पण त्याचं भवितव्य आजारपणाच्या पहिल्या काही दिवसांत जहाजावर तयार झालेल्या कागदांनी ठरतं.

आधी हक्क कुठून येतो ते बघा. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, 2006, म्हणजे आपल्या बोलण्यातलं एमएलसी, 20 ऑगस्ट 2013 पासून अमलात आहे. भारताने 2015 मध्ये त्याला मान्यता दिली. त्यानुसार कामावर रुजू झाल्यापासून घरी पोचवेपर्यंतच्या आजारपणाचा भार जहाजमालकावर असतो. जहाजावर असेपर्यंत पूर्ण पगार मिळतो. घरी आल्यावर तो पूर्ण किंवा काही प्रमाणात चालू राहतो. देशाच्या कायद्याने या पगाराला मुदत घातली, तरी ती आजार सुरू झाल्यापासून 16 आठवड्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही.

अपंगत्वाचा आकडा मात्र एमएलसीमध्ये नाही. तो तुमच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये आणि त्यामागच्या सीबीएमध्ये, म्हणजे युनियनबरोबरच्या करारात असतो. म्हणून साइन ऑन करण्याआधी, म्हणजे जहाजावर रुजू होण्याआधी, एजंटकडून सीबीएची प्रत मागून घ्या आणि अपंगत्वाचं कलम शोधून वाचा. त्यात काय बघायचं? पहिलं म्हणजे भरपाई फक्त अपघाताला आहे की कामामुळे झालेल्या आजारालाही आहे. अनेक करारांत इथेच गोम असते. गँगवेवरून, म्हणजे जहाजावर चढायच्या शिडीवरून, पडून पाय मोडला तर वाद कमी होतो. इंजिन रूमच्या आवाजाने कान गेले, टँकरवर रसायनांच्या वाफा श्वासात जाऊन रक्ताचा आजार झाला किंवा हृदयविकाराचा झटका आला, तर "हा कामाचा आजार कशावरून?" असा प्रश्न येतोच. दुसरं, अपंगत्वाची टक्केवारी कोण ठरवतं आणि त्यावर मतभेद झाला तर पुढे काय, हे बघा. तिसरं, टक्केवारी कमी असूनही समुद्रावरच्या कामाला कायमचं अनफिट ठरवलं तर पूर्ण रक्कम मिळते का, हेही वाचा.

एजंटकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे सरकारच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाचं, आरपीएसएल हे खलाशी भरतीचं लायसन्स आहे ना, हे तर सगळ्याच्या आधी तपासा. विनापरवाना माणसाच्या हातून जहाजावर गेलात तर आजारी पडल्यावर कुणाचं दार ठोठावायचं, तेच कळत नाही.

मेडिकलबद्दल मी फार कळकळीने सांगतो. बीपीची गोळी चालू असेल, शुगर असेल, जुनं ऑपरेशन झालं असेल, तर फॉर्मवर लिहा. "काही लिहू नकोस, जॉब जाईल" असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. पण नेमणुकीच्या वेळी आजार जाणूनबुजून लपवला असेल तर देशाचा कायदा मालकाला जबाबदारीतून मोकळं करू शकतो, असं एमएलसीतच म्हटलं आहे. नियंत्रणात असलेल्या बीपीवर फिट सर्टिफिकेट मिळालेले कितीतरी लोक जहाजांवर काम करताहेत. लपवलेल्या बीपीमुळे मात्र पक्षाघातानंतर घरच्यांना एक पैसाही न मिळण्याची वेळ येऊ शकते.

आता जहाजावरचं. आमच्याकडे प्युरिफायरचा, म्हणजे तेल साफ करणाऱ्या यंत्राचा, बाऊल उचलून ठेवताना माझ्या कमरेत कळ आली आणि ती डाव्या पायात उतरली. सेकंड ऑफिसरने पेनकिलर दिली. असं झालं की बहुतेक जण गोळी घेऊन वॉचला, म्हणजे ड्युटीला, परत जातात आणि कुठेही नोंद होत नाही. मी त्याच संध्याकाळी अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं: तारीख, वेळ, कुठलं काम चालू होतं, अंदाजे किती वजन होतं, सोबत कोण होतं आणि नेमकं कुठे दुखतंय. त्याच्या प्रतीवर कॅप्टनची पोच घेतली आणि मेडिकल लॉगमध्ये नोंद झाली ना, ते स्वतः बघितलं. पुढे माझ्या फाइलमध्ये सगळ्यांत वजनदार ठरला तो हाच अर्धा कागद.

त्रास वाढला तर डॉक्टरची मागणीही लेखीच करा. शक्य असेल तिथे बंदरात डॉक्टरला दाखवण्याचा हक्क तुम्हाला आहे. जहाज भर समुद्रात असेल तर कॅप्टन रेडिओवरून वैद्यकीय सल्ला घेऊ शकतो. रोममधली सीआयआरएम ही संस्था 1935 पासून हेच काम करते. तो सल्ला ज्या ईमेलवर आला त्याची प्रत मागा. बंदरातल्या डॉक्टरचा रिपोर्ट एजंटकडून परस्पर ऑफिसला जातो. तिथेच त्याचा फोटो काढून ठेवा.

मेस रूमबाहेरच्या नोटीस बोर्डाकडे सहसा कुणी ढुंकून बघत नाही. 2014 च्या दुरुस्तीनुसार, 18 जानेवारी 2017 पासून, कामामुळे आलेलं दीर्घकालीन अपंगत्व आणि मृत्यू यांच्या भरपाईसाठी मालकाने आर्थिक हमी ठेवायची असते आणि तिचं प्रमाणपत्र जहाजावर दिसेल अशा जागी लावायचं असतं. त्यावर हमी देणाऱ्याचं, बहुतेक वेळा पी अँड आय क्लबचं (जहाजमालकांच्या विमा संस्थेचं), नाव आणि संपर्क असतो. जहाजावर गेल्या गेल्या त्याचा फोटो काढा. कंपनी दाद देईना, तर त्या हमीदाराकडे थेट मागणी करता येते.

साइन ऑफच्या, म्हणजे जहाज सोडण्याच्या, दिवशी डोकं शांत ठेवा. डर्बनला मला उतरवलं तेव्हा एजंटची गाडी खाली उभी होती, पाय बधिर झाला होता आणि समोर चार-पाच कागद सह्यांसाठी आले. एकावर उतरण्याचं कारण म्हणून "स्वतःच्या विनंतीवरून" असं छापलेलं होतं. मी सही थांबवली. कॅप्टन चिडला, पण बंदरातल्या डॉक्टरने अनफिट लिहिलेलं होतं, त्यामुळे शेवटी ते खोडून "वैद्यकीय कारणासाठी" असं लिहावं लागलं. त्या एका ओळीवर परतीचं तिकीट, आजारपणातला पगार आणि पुढचा सगळा दावा उभा असतो. घाईत सही मागितली तर कागद वाचायला वेळ मागा. गाडी थांबते.

घरी आल्यावर त्याच दिवशी ऑफिसला ईमेल करा: पोचलो, त्रास हा आहे, डॉक्टरांकडे कधी पाठवताय? यात आपल्या फिलिपिनो सहकाऱ्यांकडून शिकण्यासारखं आहे. त्यांच्या 2010 च्या सरकारी प्रमाणित करारानुसार परतल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत कंपनीच्या डॉक्टरपुढे हजर राहावं लागतं, नाहीतर हक्क जातो. डॉक्टरने 120 दिवसांत अंतिम मत द्यायचं असतं. उपचार खरोखर चालू असतील तर ही मुदत 240 दिवसांपर्यंत जाते, असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये सांगितलं. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, हे आकडे झोपेतही सांगेल. हे नियम भारतीयांना लागू नाहीत, आपल्याला आपला करार लागू. पण त्यांच्या प्रत्येकाला आपली मुदत ठाऊक असते, तशी तुम्हालाही असायला हवी.

कंपनीच्या डॉक्टरकडे जायला टाळाटाळ करू नका. "उपचाराला सहकार्य केलं नाही" ही सबब आयती मिळते. मात्र प्रत्येक रिपोर्टची प्रत घ्या आणि एमआरआयची सीडी स्वतःकडे ठेवा. माझ्या बाबतीत तिथल्या डॉक्टरने मणक्याची झीज वयोमानाने झाली आहे, कामाशी संबंध नाही, असं लिहिलं. तेव्हा मी तिशीतला होतो. मग मी बाहेरच्या ऑर्थोपेडिक सर्जनकडे गेलो, आणि नुसते रिपोर्ट घेऊन गेलो नाही. थर्ड इंजिनिअर दिवसभर काय करतो ते दीड पानात लिहून नेलं: किती वजन उचलतो, कोणत्या अवघड जागेत वाकतो, इंजिन रूमची उष्णता आणि कंपन किती. सोबत जहाजावरच्या पत्राची प्रत आणि विश्रांतीच्या तासांच्या नोंदीही दिल्या. 24 तासांत किमान 10 आणि आठवड्यात 77 तास विश्रांती मिळायला हवी, आणि त्या नोंदीची प्रत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. डॉक्टरला जहाज म्हणजे काय हे माहीत असेलच असं नाही. तुम्ही सांगितलंत तरच तो आजाराचा कामाशी संबंध लिहू शकतो. आमच्या करारात मतभेद झाल्यास दोन्ही बाजूंच्या संमतीने तिसरा डॉक्टर नेमायची तरतूद होती, आणि माझी टक्केवारी त्याच अहवालावर ठरली.

अडकलात तर एकटे लढू नका. रेटिंग, म्हणजे ऑफिसर नसलेले खलाशी, असाल तर नुसी ही युनियन, ऑफिसर असाल तर मेरिटाइम युनियन ऑफ इंडिया. दोन्ही मुंबईत आहेत, आणि सीबीए त्यांनीच केलेला असेल तर कलम कसं लावायचं हे त्यांना पाठ असतं. तक्रार डीजी शिपिंगकडेही करता येते. फोनवर बोललात तरी नंतर ईमेल पाठवा आणि इंडोस नंबर (खलाशाचा सरकारी नोंदणी क्रमांक), जहाजाचं नाव, साइन ऑन-साइन ऑफच्या तारखा प्रत्येक वेळी लिहा.

तडजोडीचा फोन येईल तेव्हा घर खर्चाने टेकीला आलेलं असेल. तरीही हे लक्षात ठेवा: करारातल्या रकमेपेक्षा कमी घ्यायला दबाव आणणं एमएलसीला मंजूर नाही. अपंगत्व किती हे ठरायला वेळ लागत असेल तर तोवर अंतरिम रक्कम मागता येते, आणि ती घेतल्याने बाकीचे हक्क जात नाहीत. "पूर्ण आणि अंतिम" असं लिहिलेल्या पावतीवर युनियन किंवा वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. वकिलाची फी किती आणि कधी द्यायची, हेही आधी लिहून घ्या.

समुद्रावरच्या कामाला कायमचा अनफिट म्हणून पूर्ण भरपाई घ्यायची आणि वर्षभराने दुसऱ्या एजंटकडे फिट सर्टिफिकेट काढून जहाज धरायचं, हे चालत नाही. म्हणून दावा कोणत्या पातळीचा करायचा हे घरच्यांबरोबर आणि डॉक्टरांबरोबर बसून ठरवा. विशीत-पंचविशीत असाल आणि ऑपरेशनने परत उभं राहण्याची चांगली शक्यता असेल, तर आधी उपचार आणि आजारपणातला पगार पूर्ण वसूल करा. टक्केवारीचा विषय तब्येत स्थिर झाल्यावर काढा, पण दाव्याची मुदत कधी संपते हे युनियनकडून लेखी विचारून ठेवा.