गळ बोटात रुतला तर ओढू नका : गरी टाकताना होणाऱ्या या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात माझ्या भाच्याच्या उजव्या अंगठ्यात गळ शिरला. गावच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, दुपारच्या वेळी. पाळीवर (बांधावर) बसलेल्या चौघांनी चार सल्ले दिले. पाचव्याने ‘काही नाही होत बे, डोळे मीट’ म्हणत तो हासडला. गळ शिरला तेव्हा जखम तांदळाच्या कणीएवढी होती. निघाला तेव्हा लाखोळीच्या डाळीचे दोन दाणे मावतील एवढा खड्डा पडला. पोराला पंधरा दिवस भात कालवता आला नाही, चमच्याने जेवला. त्या दिवशी मी तिथे होतो आणि हासडणाऱ्याचा हात धरला नाही, ही गोष्ट अजून मनातून जात नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्याकडे काठी, तंगूस (नायलॉनचा दोरा), भोपळ्याचा किंवा मोरपिसाचा तरंगा आणि आकडा या सगळ्याला मिळून गरी म्हणतात. इथे गळ म्हणजे नुसता लोखंडी आकडा.

गळ निघत का नाही, ते आधी बघा

एखादा नवा गळ उजेडात धरा. टोकाच्या जरा खाली एक बारीक काप वर उचललेला दिसेल, तोच उलटा काटा. मासा निसटू नये म्हणून तो ठेवलेला असतो. आत जाताना तो कातडीला चिकटून सरकतो, पण मागे ओढला की उघड्या कोयत्यासारखा मांसात अडकतो. जितका जोर लावाल तितका आत रुततो. तुमची ताकद कमी पडते म्हणून गळ अडत नाही, त्याची घडणच तशी आहे.

म्हणून गळ रुतला की पहिलं काम एकच, हात थांबवणं. तंगूस वीतभर अंतरावर कापून टाका, म्हणजे काठी हलली तरी ओढ बसणार नाही. आमिष किंवा शिसं लटकत असेल तर तेही काढा. बोटात अंगठी असेल तर सूज यायच्या आत उतरवा. मग ते बोट वाकवून बघा आणि टोकाला स्पर्श कळतो का तेही तपासा. बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर शीर किंवा स्नायूबंध दुखावला असू शकतो. मग घरी काहीच करू नका, दवाखाना गाठा.

काढायचा कसा

हाताच्या किंवा पायाच्या मांसल भागात लहान गळ वरवर रुतला असेल, तर काढायची एक साधी रीत आहे. भाच्याच्या अंगठ्यावर पट्टी बांधताना डॉक्टरांनी ती मला समजावून सांगितली, आणि नंतर मी केळीच्या सालीत गळ रुतवून हात बसेपर्यंत सराव केला.

हातभर जाड दोरा घ्या, तंगूस दुहेरी केलं तरी चालेल. तो गळाच्या वळणात, म्हणजे आकडा जिथे गोल होतो तिथे ओवून दोन्ही टोकं आपल्या मुठीभोवती गुंडाळा. रुतलेला हात घट्ट टेकवलेला हवा, लाकडी पाटीवर किंवा मांडीवर. आता दुसऱ्या हाताच्या बोटाने गळाची सरळ दांडी, तंगूस बांधायच्या नेढ्याकडची, कातडीकडे दाबून धरा. या दाबण्यातच सगळी करामत आहे. दांडी खाली गेली की आतला उलटा काटा मांसातून सुटतो. मग दोरा कातडीला समांतर धरून, नेढ्यापासून दूर, वळणाच्या दिशेने एका झटक्यात ओढा. हळूहळू ओढलंत तर दुखणं वाढेल आणि काटा पुन्हा अडकेल. गळ उडून जातो, तेव्हा त्या दिशेला कोणी उभं राहू देऊ नका.

दांडीवरचा दाब सुटला तर पुढचं सगळं वाया जातं. माणूस घाबरलेला असेल, हात स्थिर राहत नसेल, तर ही रीत वापरू नका. कानाच्या पाळीसारख्या हलत्या भागावरही ती चालत नाही.

दुसरी रीत गळाचं टोक कातडीला आतून टेकून बाहेर यायच्या बेतात असेल तेव्हाची. टोक तसंच पुढे ढकलून बाहेर काढायचं, उलटा काटा कटर पक्कडीने कापायचा आणि उरलेली दांडी आल्या वाटेने मागे घ्यायची. हे भूल देऊन दवाखान्यातच व्हावं असं माझं मत आहे, कारण टोक ढकलताना नवी जखम होते. करायचंच झालं तर कापलेला तुकडा उडतो, डोळ्यांपुढे कापड धरा.

तीन तोंडाचा गळ असेल तर ओढण्याआधी मोकळी दोन तोंडं कापून टाका, नाहीतर काढणाऱ्याचाही हात अडकतो.

इथे हात लावू नका

डोळा, पापणी, मान, घसा, जांघ, सांध्याजवळची जागा. इथला गळ घरी काढायचा नाही, मग तो कितीही वरवर दिसो. डोळ्यात किंवा डोळ्याजवळ लागला तर डोळा धुऊ नका, चोळू नका, त्यावर कापूस दाबू नका. एखादी स्टीलची वाटी किंवा कागदी पेला डोळ्याच्या भोवतीच्या हाडांवर टेकेल असा पालथा ठेवून पट्टीने बांधा. गळाला वाटीचा धक्का लागता कामा नये. शक्यतो दोन्ही डोळे मिटून ठेवायला सांगा, कारण एक डोळा फिरला की दुसराही फिरतो. १०८ ला फोन करा आणि डोळ्यांचे डॉक्टर असतील अशाच रुग्णालयात न्या. वाटेत खायला-प्यायला देऊ नका, शस्त्रक्रिया लागू शकते.

गळ निघाल्यावर

खरी हयगय इथे होते. रक्त थांबलं की लोक पुन्हा गरी हातात घेतात. कोणी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा जखमेवर थापतो, कोणी चुना, कोणी विडीची राख. यातलं काहीही लावू नका. जखम साबण आणि स्वच्छ वाहत्या पाण्याने पाच-दहा मिनिटं धुवा. बोडीच्या पाण्याने धुणं म्हणजे न धुण्यासारखंच, कारण त्याच पाण्यात म्हशी डुंबतात. धुतल्यावर पोव्हिडोन आयोडीन लावा आणि सैल पट्टी बांधा. टोचलेली जखम चिकटपट्टीने घट्ट बंद करू नका.

‘गळ नवा होता, गंजला नव्हता, सुई कशाला?’ हा प्रश्न मी दरवर्षी ऐकतो. धनुर्वाताचे जंतू गंजात जन्मत नाहीत, ते मातीत आणि शेणात असतात, आणि आपली पाळ दोन्हींनी माखलेली असते. आता ही लस घटसर्पाच्या लशीसोबत एकत्र येते, टीडी म्हणतात तिला, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत मिळते. चिखलाची जखम असेल आणि शेवटचा डोस घेऊन ५ वर्षं उलटली असतील, तर घ्या. स्वच्छ, किरकोळ जखमेला १० वर्षांचं अंतर धरतात. लहानपणचे डोस पूर्ण झालेत की नाही हे आठवत नसेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

गोड्या पाण्यात एरोमोनास नावाचे जीवाणू असतात, ते जखमेत शिरले तर काही तासांतही सूज चढू शकते. लाली पसरत चालली, ठणका वाढला, पू आला, तांबडी रेघ मनगटाकडे सरकली किंवा ताप आला तर रात्र जाऊ देऊ नका. शुगर असणाऱ्यांनी तर लहानशी जखमही दाखवूनच यावी.

गळ लागतो कुठे

पाण्यात कमी, काठावर जास्त. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक जखमा तीन वेळांच्या.

पहिली, गरी मागून फिरवून फेकताना. पोळ्याच्या सुमारास सांडव्यावर इतकी गर्दी असते की एकाची काठी दुसऱ्याच्या कानावरून जाते. दोघांत काठीच्या दुप्पट अंतर हवं आणि फेकण्याआधी मागे वळून बघायला हवं. डोक्यावर टोपी असेल तर टाळू वाचते.

दुसरी, गळ बेशरमाच्या झाडोऱ्यात किंवा शिंगाड्याच्या वेलात अडकल्यावर. लोक काठी पूर्ण वाकवून ओढतात, वेल तुटतो आणि गळ शिशासकट थेट तोंडावर येतो. तोंड बाजूला वळवा, काठी सरळ तंगुसाच्या रेषेत धरा आणि हाताला कापड गुंडाळून मागे चालत जा. तुटलं तर तुटू द्या, पाच-दहा रुपयांचा गळ आहे.

तिसरी, मरळ काढताना. मरळ मेल्यासारखी पडून राहते आणि हात लावला की उसळते, तेव्हा तिच्या तोंडातला गळ तुमच्या बोटात जातो. मग मासा आणि माणूस एकाच आकड्याला. ओल्या बारदान्याने मासा दाबून धरा आणि गळ लांब चोचीच्या पक्कडीनेच काढा. गळ पोटात गेला असेल तर तंगूस कापा आणि तो घरी मासा चिरताना काढा.

शिंगी माशाने टोचलं तर ते वेगळं प्रकरण. तिच्या कल्ल्याजवळच्या काट्याला विष असतं. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा तास बुडवा, ठणका उतरतो. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही.

घरी ठेवताना

गळ छपराच्या वाशाला किंवा कुडाला खोचून ठेवायची आपली जुनी सवय मोडा. तो पडतो आणि रांगत्या लेकराच्या तळव्यात निघतो. झाकणाचा डबा घ्या, गळ त्यातल्या थर्माकोलच्या तुकड्यात खोचा. तुटलेलं तंगूस पाळीवर टाकू नका. शेळी गवतासोबत गळ गिळते, बगळ्यांच्या पायात तंगूस आवळून पाय सुकतो. आमच्या शेजारची एक गाभण शेळी अशीच गेली, घशात गळ सापडला.

पोरांसाठी मी आता एवढं करतो. बोडीवर जायच्या आदल्या रात्री ओसरीवर बसून त्यांच्या प्रत्येक गळाचा उलटा काटा पक्कडीने चेपून सपाट करतो आणि बोट फिरवून बघतो. तंगूस ताणून धरलं की अशा गळावरही मासा टिकतो. चार मासे जास्त सुटतात, भाचा कुरकुर करतो, पण श्रावणात त्याच्या तळहातात पुन्हा गळ शिरला तेव्हा तो आल्या वाटेने सरळ बाहेर आला.