सेन्सर शून्य अंशावर कसा आणावा

सोलापूरच्या मे महिन्यात पारा सहज ४२च्या वर जातो. अशा वेळी प्रयोगशाळेतल्या इन्क्युबेटरचा (ठरावीक तापमान राखणाऱ्या पेटीचा) तापमान-सेन्सर खरं सांगतोय की नाही, हे बघायला तो आधी शून्यावर आणायचा. फ्रीजरमध्ये ठेवून भागत नाही. कॉम्प्रेसर चालू-बंद होतो तसं तिथलं तापमान वर-खाली होत राहतं. वितळत असलेला बर्फ मात्र शून्यावरच राहतो, म्हणून तोच वापरायचा.

डिस्टिल्ड वॉटरचा बर्फ घरच्या ट्रेमध्ये आदल्या रात्री लावा. बोअरचं पाणी नको, क्षारांमुळे गोठणबिंदू खाली जातो. गोळेवाल्याची लादी गोळ्यापुरतीच ठीक. बर्फ स्वच्छ फडक्यात बांधून बत्त्याने साबुदाण्याएवढा बारीक करा आणि थर्मासमध्ये दाबून भरा. मग थंड डिस्टिल्ड वॉटर फक्त फटी भरतील इतकंच ओता. फ्रीजरमधून नुकताच काढलेला बर्फ पांढरा दिसतो, तो शून्याच्या खाली असतो. ओलसर, काचेसारखा झाला की समजा जमलं. दहा मिनिटं थांबा.

सेन्सर उघडा असेल तर बुडवू नका. तारांच्या टोकांना पाणी लागलं की आकडा भरकटतो. बारीक परीक्षानळीत लिक्विड पॅराफिनचे चार थेंब घालून त्यात सोडा. नळी बर्फ-पाण्याच्या लगद्याच्या मधोमध, किमान वीतभर तरी आत हवी, नाहीतर खोलीतली उष्णता तारेवाटे खाली उतरते. तळाला मात्र टेकवायची नाही. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, बर्फ तरंगतो आणि ते कोमट पाणी तळाशी साचतं. माझे पहिले दोन प्रयत्न यातच वाया गेले: मीटरवर ३.६, आणि मी सेन्सरला शिव्या घालतोय! तळाचं पाणी काढा, वरून बर्फ घाला, हलक्या हाताने ढवळा.

आकडा पाच मिनिटं हलला नाही की लिहून घ्या. पीटी-१०० (रोधावरून तापमान सांगणारा प्लॅटिनमचा सेन्सर) असेल तर शून्याला १०० ओहम यायला हवेत. १००.८ आले तर सुमारे दोन अंशांची चूक. पण दोन तारांची जोडणी असेल तर आधी तारेवर संशय घ्या, कारण तिचा रोध सेन्सरच्या रोधात मिसळतो. मोजणीचा प्रवाह १ मिलिअँपिअरच्या वर नेऊ नका, सेन्सर स्वतःच तापतो.

बाहेर काढल्यावर त्यावर लगेच दव धरतं. नीट पुसून, खोलीच्या तापमानाला आल्यावरच परत बसवा.