राष्ट्रपती निवडणुकीतलं मतमूल्य कागदावर कसं काढायचं

राष्ट्रपती थेट जनतेनं निवडावा की आमदार-खासदारांनी निवडायची आजची पद्धतच राहू द्यावी, या वादात पडण्याआधी गणित एकदा स्वतः करून पाहा. साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

आधी आमदाराचं मतमूल्य, म्हणजे त्याचं एक मत किती मतांइतकं धरायचं तो आकडा. राज्याची 1971 च्या जनगणनेतली लोकसंख्या घ्या आणि विधानसभेच्या निवडून येणाऱ्या जागांनी भागा. आलेल्या आकड्यात हजार किती वेळा बसतो ते पाहा. बाकी 500 किंवा जास्त असेल तर एक वाढवा. महाराष्ट्र: 5,04,12,235 भागिले 288, म्हणजे 1,75,042. हजार 175 वेळा, बाकी 42, ती सोडायची. आमदारामागे मतमूल्य 175, पूर्ण विधानसभेचं 50,400. सिक्कीम: 2,09,843 भागिले 32, म्हणजे 6,557. इथे बाकी 557, म्हणून मूल्य 6 नव्हे, 7.

चुका होतात त्या जागा ठरलेल्या आहेत. आजची लोकसंख्या धरली की सगळंच फसतं. विधान परिषदेचे आमदार मोजायचे नाहीत. त्यांना या निवडणुकीत मतच नाही. राज्यसभेच्या 12 नामनियुक्त सदस्यांनाही नाही.

आता खासदार. सर्व विधानसभांच्या मतमूल्यांची बेरीज करा आणि निवडून येणाऱ्या खासदारांच्या संख्येनं, म्हणजे लोकसभेचे 543 अधिक राज्यसभेचे 233, एकूण 776 नं भागा. 2022 साली बेरीज 5,43,231 होती, भागाकार 700.04, म्हणून प्रत्येक खासदाराला 700. 2017 मध्ये हाच आकडा 708 होता. खासदार तेवढेच, मग आठ कुठे गेले? 2022 मध्ये जम्मू-काश्मीरला विधानसभा नव्हती. तिथल्या 87 आमदारांचे प्रत्येकी 72, म्हणजे 6,264 बेरजेतून वजा झाले. सगळे आमदार मिळून आणि सगळे खासदार मिळून पारडी जवळपास समान राहावीत हा या सूत्राचा हेतू आहे, त्यामुळे एक बाजू हलली की दुसरीही हलते.

कोटा म्हणजे जिंकायला लागणारं किमान मतमूल्य. तो काढताना आमदार-खासदार मिळून एकूण 10,86,431 चा निम्मा घेऊ नका. फक्त वैध मतांचं मूल्य घ्यायचं, दोननं भागून अपूर्णांक टाकायचा आणि एक मिळवायचा. 2022 मध्ये वैध मूल्य 10,56,980 होतं, म्हणून कोटा 5,28,491. मतदार उमेदवारांना 1, 2, 3 असा पसंतीक्रम देतात आणि आधी पहिल्या पसंतीची मतं मोजतात. द्रौपदी मुर्मू यांना 6,76,803 मिळाल्यानं मोजणी पहिल्या पसंतीतच संपली. त्या वेळी 53 मतपत्रिका बाद ठरल्या. पसंती आकड्यातच लिहायची असते, अक्षरात लिहिली की मत बाद. पेनही निवडणूक आयोगानं दिलेलंच लागतं. कायदे करणाऱ्यांचीच मतं अशी बाद व्हावीत, ही गंमतच.

पहिल्या फेरीत कोणीच कोटा गाठला नाही तर काय, हे 1969 मध्ये दिसतं. वैध मूल्य 8,36,337, कोटा 4,18,169. व्ही. व्ही. गिरी 4,01,515 वर अडले, नीलम संजीव रेड्डी 3,13,548 वर, चिंतामणराव देशमुख 1,12,769 वर. तळाच्या उमेदवारापासून एकेकाला बाद करत त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीप्रमाणे वाटल्या. शेवटी गिरी 4,20,077 वर पोहोचले, रेड्डी 4,05,427 वर राहिले.

आमच्या मते अप्रत्यक्ष पद्धत ठेवावी. राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालावं लागतं; थेट कोट्यवधी मतं घेऊन आलेली व्यक्ती तो सल्ला किती काळ ऐकेल? पण खरी मेख 1971 च्या आकड्यात आहे, आणि ती पाहायला आणखी एक भागाकार करा. तमिळनाडूच्या आमदाराचं मतमूल्य आज 176, महाराष्ट्राहून एकानं जास्त. जागा तेवढ्याच ठेवून 2011 ची लोकसंख्या घाला: तमिळनाडू 7,21,47,030 भागिले 234, म्हणजे मूल्य 308; महाराष्ट्र 11,23,74,333 भागिले 288, म्हणजे 390. एकाची आघाडी गेली आणि 82 ची पिछाडी आली. ज्या राज्यांनी लोकसंख्या आवरली त्यांचा आवाज बारीक होऊ नये म्हणूनच 42 व्या घटनादुरुस्तीनं 1971 चे आकडे गोठवले. 84 व्या दुरुस्तीनं ती मुदत 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत वाढवली. ते आकडे आले की वरचं प्रत्येक मतमूल्य पुन्हा काढावं लागेल.