आईस पॅक आधी घामेजू द्या

रक्ताच्या लाल पेशी २ ते ६ अंशांत ठेवायच्या; पिशवीत रक्त टिकवणारं द्रावण सीपीडीए-१ असेल तर ३५ दिवस, एसएजीएम असेल तर ४२ दिवस. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, करून खानापूर-निपाणीकडून बेळगावच्या रक्तपेढीत नव्याने लागणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ असतं. मलाही होतं. तरी पहिल्याच वर्षी माझ्या हातून रक्ताच्या दोन पिशव्या वाया गेल्या, आणि ते अजून मनातून जात नाही.

पावसाळा होता. तालुक्यातल्या एका दवाखान्यात बाळंतिणीसाठी दोन पिशव्या तयार ठेवायच्या होत्या. रस्ता खराब, वेळ लागणार, म्हणून मी डीप फ्रीझरमधले आईस पॅक काढले आणि तसेच पिशव्यांच्या अंगाला लावून खोका भरला. जितकं गार तितकं चांगलं, एवढंच डोक्यात. रक्त लागलं नाही, पिशव्या परत आल्या. एकीच्या कडेला बर्फाचा कडक पापुद्रा बोटांना लागला. दोन्ही वेगळ्या उभ्या करून ठेवल्या. सकाळी पेशी खाली बसल्या होत्या आणि वरचा थर जांभळट लाल झाला होता, दोन्हींत. आमच्या सरांनी आवाज चढवला नाही. पिशवी खिडकीशी धरून तो थर मला नीट बघायला लावला आणि टाकाऊ पिशव्यांच्या वहीत कारण माझ्याच हाताने लिहून घेतलं. कुणीतरी रक्तदान कॅम्पात रांगेत उभं राहून दिलेलं रक्त होतं ते.

आत काय होतं ते समजून घ्या. आधी पेशीबाहेरच्या पाण्याचा बर्फ होतो. उरलेल्या द्रवात क्षार दाटतात, ते पेशीतलं पाणी ओढून घेतात, पेशीचं आवरण दुबळं होतं आणि बर्फ वितळला की पेशी फुटते. हिमोग्लोबिन बाहेर, पोटॅशियम बाहेर. असं रक्त चढलं तर मूत्रपिंडावर ताण येतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ग्लिसरॉल घालून पेशी वर्षानुवर्षं गोठवून ठेवतात हे खरं, पण आपल्या साध्या पिशवीला ते संरक्षण नसतं. आणि खरा धोका पुढे आहे: वितळलेली पिशवी हलवली की सगळं एकजीव लाल दिसतं. घाईत काही कळत नाही.

म्हणून पॅक फ्रीझरमधून काढून टेबलावर ठेवा. त्याला घाम सुटू द्या. कानाशी हलवून बघा, आत पाणी डुचमळलं की मगच खोक्यात घाला, आणि पॅक व पिशवी यांच्यामध्ये पुठ्ठा हवाच. वाहतुकीत १० अंशांपर्यंत चालतं, त्यामुळे एवढं थांबल्याने काही बिघडत नाही. प्लेटलेट या खोक्यात कधीच नको, त्यांना २० ते २४ अंश लागतात.

'हाताला गार लागली म्हणजे झालं' असं सांगणारे जुने लोक भेटतील. त्यांचं ऐकू नका, मग ते वीस वर्षं तिथे असोत. तापमानाच्या वहीत दिवसभराचे आकडे संध्याकाळी एकदम भरणाऱ्याकडून तर काहीच शिकू नका. शिकायचं ते फ्रिजचा अलार्म वाजल्यावर हातातला चहा ठेवून उठणाऱ्याकडून.

सुरुवातीला रात्रपाळीत हात थरथरतात, माझेही थरथरायचे. दोन-तीन महिन्यांत बसतं सगळं. शंका आली तर पिशवी बाजूला ठेवा आणि विचारा, त्यासाठी कुणी नोकरीवरून काढत नाही.

कन्नडची भीती मात्र लवकर घालवा. वॉर्डातून न वापरलेली पिशवी परत येते तेव्हा ती फ्रिजबाहेर किती वेळ होती, हे तिथल्या सिस्टरलाच माहीत असतं. 'अक्का, होरगे इट्टु एष्टु होत्तायितु?' एवढं वाक्य पाठ करा. उत्तर ३० मिनिटांच्या वर असेल, किंवा नक्की सांगता येत नसेल, तर ती पिशवी पुन्हा साठ्यात ठेवायची नाही, कितीही गार लागली तरी.