दुपारी एकला चांगला लागणारा डबा

सकाळी पावणेसातला कढईतून चाखलेली भाजी आणि दुपारी एकला डब्यातून खाल्लेली तीच भाजी, या दोन वेगळ्या भाज्या असतात. मधल्या सहा तासांत वाफेचं पाणी होतं, बेसन पाणी पीत राहतं, मिठामुळे काकडीला पाणी सुटतं, दही आंबतं, पोळीची कड कडक होते. पदार्थ निवडतानाच हे सहा तास धरले तर निम्मी कटकट मिटते.

मुंबईत १८९०पासून डबे पोचवणाऱ्या डबेवाल्यांच्या गिऱ्हाइकाला ही अडचण जरा कमी जाणवते. माणूस आधी निघतो, डबा मागून नऊच्या सुमाराला भरला जातो. साडेसातची गाडी धरताना डबा सोबतच न्यायचा असेल तर ती सवलत नाही. खालचं सगळं अशांसाठी आहे: रात्री पंधरा मिनिटं, सकाळी पंचवीस, आणि ऑफिसात गरम करायची सोय नाही असं धरून. प्रमाणं एका माणसाची, वाटी १५० मिलीची, चमचा चहाचा.

पैशाचं गणित

स्वस्त डबा कडधान्यावर उभा राहतो. एका डब्याला ५० ग्रॅम कोरडी मटकी पुरते, म्हणजे अर्ध्या किलोत दहा डबे. समजा मटकी १२० रुपये किलो, तर डब्यामागे ६ रुपये. ९० ग्रॅम कणकेचे ४, एका कांद्याचे दोन-अडीच, तेलाचे दीड-दोन. मसाला आणि गॅस धरून आकडा विशीच्या आसपास थांबतो. तुमच्या वाण्याचे भाव घालून बघा, फार फरक पडणार नाही. डबा महाग होतो तो पनीर, मश्रूम आणि आयत्या वेळी आणलेल्या पाव किलो भाजीने, ज्यातली निम्मी नंतर फ्रीजमध्ये सुकते.

मटकीची उसळ

हा डब्यातला सगळ्यात भरवशाचा पदार्थ, म्हणून जरा सविस्तर.

दोन डब्यांची मटकी (१०० ग्रॅम, पाऊण वाटीहून थोडी जास्त) सकाळी निघताना कोमट पाण्यात भिजत घाला. संध्याकाळी आल्यावर पाणी काढून टाका, दोनदा धुवा आणि मुठीत घेऊन बघा: न भिजलेले टणक दाणे म्हणजे गणंग. ते वेचून टाका. शिजवून ते मऊ होत नाहीत आणि जेवताना नेमके दाताखाली येतात. मग मटकी चाळणीत पंधरा मिनिटं निथळू द्या. मोड काढताना चूक होते ती इथे. ओल हवी, पण पाणी साचलेलं नको. घाईने बांधलेल्या पुरचुंडीच्या तळाशी पाणी राहिलं की सकाळी मटकी बुळबुळीत होते आणि आंबूस वास मारते. तशी मटकी धुऊन वापरू नका, टाकून द्या.

ओल्या सुती फडक्यात बांधून चाळणीतच ठेवा, वर झाकण घाला. उन्हाळ्यात बारा तासांत बोटाच्या पेरापेक्षा थोडे आखूड मोड येतात. डिसेंबर-जानेवारीत चोवीस तासही लागतात. तेव्हा पुरचुंडी तांदळाच्या डब्यात किंवा बंद ओव्हनमध्ये ठेवली की ऊब मिळते. मोड आलेली मटकी फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहते, त्यामुळे भिजवण्याचा खटाटोप आठवड्यातून दोनदाच.

सकाळी: कढईत दोन चमचे तेल, मोहरी, ती तडतडली की हिंग, पाव चमचा हळद, कढीपत्ता. एक कांदा बारीक चिरून गुलाबीसर परता. निम्मी, म्हणजे एका डब्याची मटकी घालून मिनिटभर परता, चमचाभर कांदा-लसूण मसाला घाला, पाव वाटी गरम पाणी शिंपडा आणि कढईवर ताटली झाकून ताटलीत पाणी ओता. हे ताटलीतलं पाणी दोन कामं करतं. आतली वाफ थंड ताटलीला लागून पुन्हा खाली पडते, म्हणून मटकी करपत नाही. आणि वर पाणी लागलंच तर ते तिथेच गरम तयार असतं. थंड पाणी ओतलं की उकळी मोडते आणि शिजायला आणखी वेळ जातो. मंद आचेवर दहा-बारा मिनिटं.

दाणा दोन बोटांत दाबला की चेपला पाहिजे, पण आख्खा दिसला पाहिजे. मग मीठ, सुपारीएवढा गूळ आणि दोन आमसुलं. आमसूल किंवा चिंच आधी घातली तर आंबटपणामुळे कडधान्य लवकर मऊ होत नाही. ‘अर्धा तास झाला तरी शिजेना’ या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच असतं. आणि मोड आलेल्या मटकीला कुकर नको. एका शिट्टीत लगदा होतो आणि दुपारी त्याचा गोळा.

ओला नारळ डब्यात घालू नका, निदान मार्च ते जूनमध्ये तरी. सगळ्यात आधी तोच उतरतो आणि आख्खी भाजी घेऊन जातो. दाण्याचं कूट घाला, तेही शेवटी.

हाच क्रम मूग आणि चवळीला चालतो. हरभरा, वाटाणा आणि राजमा मात्र आदल्या रात्रीच कुकरला लावून ठेवावे.

काहीच भिजवलं नसेल तर

मुगाची मोकळी डाळ. उठल्या उठल्या अर्धी वाटी मूगडाळ कोमट पाण्यात टाका, आंघोळ-चहा होईपर्यंत पाऊण तास जातो. पूर्ण निथळून घ्या. हिंग-मोहरी-हळदीच्या फोडणीत दोन हिरव्या मिरच्या, मग डाळ, मीठ, फक्त तीन-चार चमचे पाण्याचा हबका, वर पाण्याची ताटली, आठ-दहा मिनिटं. लिंबू गॅस बंद केल्यावर. डाळ कोरडी दिसते म्हणून अर्धी वाटी पाणी ओतायचा मोह होतो. ओतलंत की तिचं वरण होतं, तेही घट्ट.

झुणका त्याहून झटपट. दोन मोठे कांदे उभे चिरून तीन चमचे तेलात लसणाच्या फोडणीवर मऊ करा, लाल तिखट आणि मीठ घाला, मग पाऊण वाटी बेसन चमच्या-चमच्याने वरून पेरत उलथन्याने परता. बेसनाचा कच्चा वास जाऊन खमंग वास यायला तीन-चार मिनिटं लागतात. नंतर पाण्याचा हबका, झाकण, पाच मिनिटं. उलथून पुन्हा हबका, पुन्हा पाच मिनिटं. घरी खायला जितका कोरडा आवडतो त्यापेक्षा डब्याचा झुणका थोडा ओलसर उतरवा, कारण बेसन डब्यातही पाणी पीत राहतं. तो सकाळीच भुरभुरीत झाला तर दुपारी घशाखाली उतरत नाही. भरताना वरून चमचाभर कच्चं तेल घातलं की बराच फरक पडतो. पातळ पिठलं मात्र डब्यात नेऊच नये. त्याची वडी होते, आणि वडी म्हणून ते काही चांगलं लागत नाही.

फळभाज्या, पालेभाज्या

भेंडी रात्रीच धुऊन, फडक्याने कोरडी पुसून, चिरून ठेवा. ओल्या भेंडीवर सुरी लागली की तार सुटते. परतताना झाकण नाही, मीठ शेवटी, आणि मधे दोन आमसुलं किंवा चमचाभर चिंचेचा कोळ: आंबटाने चिकटपणा मोडतो.

बटाटे आठवड्याचे एकदम उकडू नका. दोन दिवसांचे उकडा आणि सालासकट फ्रीजमध्ये ठेवा. सोललेला बटाटा कोरडा पडतो. सकाळी फोडणीला टाकायला सात मिनिटं पुरतात.

मेथी, पालक, कांद्याची पात, सिमला मिरची या पाणी सोडणाऱ्या मंडळींना पीठ पेरून आवरा. एका जुडीला तीन-चार चमचे भाजलेलं बेसन. सुटलेलं पाणी पीठ धरून ठेवतं, डबा गळत नाही आणि भाजी दोघांना पुरते.

कोबी स्वस्त, पण झाकून जास्त शिजवलेला कोबी दुपारी डब्याचं झाकण उघडताच जो वास सोडतो, तो अख्ख्या मजल्याला कळतो. मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता पाच मिनिटं परता, तो किंचित करकरीतच राहू द्या, भिजवलेली चणाडाळ घाला. सुकट न्यायची की नाही हे ज्याने त्याने शेजारच्या टेबलाचा स्वभाव बघून ठरवावं.

काकडीची कोशिंबीर करून नेऊ नका. चिरलेली काकडी एका डबीत, कूट-मीठ-साखर कागदाच्या पुडीत, आणि दोन्ही एकत्र करायचं जेवायला बसल्यावर.

पोळी

एक वाटी कणीक, चिमूटभर मीठ, चमचाभर तेल, साधारण चार-साडेचार मोठे चमचे (पोह्याचे) पाणी. तीन मध्यम पोळ्या होतात. डब्याची कणीक जेवणाच्या पोळीपेक्षा सैल मळायची आणि वीस मिनिटं झाकून ठेवायची. दुपारी पोळी वातड होण्याची कारणं दोनच: कणीक घट्ट होती, किंवा तवा पुरता न तापल्याने पोळी बराच वेळ त्यावर वाळत राहिली. तवा चांगला तापवा, पोळी दीड-दोन मिनिटांत उतरली पाहिजे. घडीला तेल लावल्याने आत पदर सुटतात आणि ती मऊ राहते.

तव्यावरून उतरलेली पोळी सरळ डब्यात गेली की वाफेने खालची पोळी ओली होते. उघडी ठेवली तर कड वाळते. मधला मार्ग असा: जाळीवर किंवा सुती फडक्यावर दोन मिनिटं वाफ जाऊ द्या, तूप-तेलाचं बोट फिरवा, घडी घाला, कोमट असतानाच फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा. फॉइलपेक्षा फडकं बरं, ते ओल शोषतं.

कणीक रात्री मळायची तर वरून तेलाचा हात फिरवून गच्च झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवा आणि लाटण्याआधी अर्धा तास बाहेर काढा. ती किंचित काळपट होते, ते हवेमुळे. एका रात्रीत बिघडत नाही. आंबूस वास आला किंवा चिकट झाली तर नको.

उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा हा सोमवारचा डबा. चार पोळ्या हाताने किंवा मिक्सरला एकदाच फिरवून चुरा. कांदा-मिरचीच्या फोडणीवर परता, मीठ आणि साखर घाला, ताकाचा हबका मारा, तीन मिनिटं झाकण. ताकाऐवजी नुसतं पाणी मारलं तरी होतं, पण दुपारी कोरडा लागतो.

भात

शिळ्या भाताबाबत एकच नियम कडक पाळा. रात्रीचा उरलेला भात ओट्यावर ठेवू नका. पसरट भांड्यात गार करून तासाभरात फ्रीजमध्ये गेला पाहिजे. काही जंतूंची बीजं शिजण्यातूनही वाचतात, उबदार भातात वाढतात आणि त्यांचं विष सकाळच्या फोडणीने जात नाही. फ्रीजमधला भात सकाळी नीट वाफ येईपर्यंत परतून न्यायला हरकत नाही.

दहीभात म्हणून जो नेतात तो खरं तर दूधभात असावा. अर्धी वाटी तांदूळ मऊ शिजवा, गरम असतानाच पळीने घोटा, कोमट होऊ द्या. त्यात दीड वाटी तापवून कोमट केलेलं दूध, एक चमचा दही, मीठ, आणि हिंग-मोहरी-कढीपत्त्याची गार केलेली फोडणी. भरताना हे अगदी पातळ दिसतं. दुपारपर्यंत दूध विरजतं, भात ते पितो, आणि डब्यात ताजा, न आंबलेला दहीभात तयार असतो. भात गरम असताना दही घातलं तर विरजण मरतं आणि दूध दूधच राहतं. जळगाव-नागपूरच्या मे महिन्यात अर्धाच चमचा दही आणि फ्रीजमधलं थंड दूध. पुण्याच्या थंडीत दोन चमचे. कच्चं आलं घालू नका, त्याने दूध फाटतं.

खुद्द डबा

स्टीलचा घ्या. अॅल्युमिनियमला आमसूल, चिंच, टोमॅटो लागू देऊ नये. प्लास्टिकला हळदीचा डाग आणि लसणाचा वास कायमचा. भाजी ताटात पसरून पंख्याखाली दहा मिनिटं निवू द्या, मग भरा. कढत भाजी भरून लगेच झाकण लावलं की दोन गोष्टी होतात: झाकणाला जमलेलं पाणी भाजीत पडतं, आणि आतली वाफ निवल्यावर झाकण असं बसतं की दुपारी चमच्याने ठोकत बसावं लागतं. तसं झालंच तर झाकणावर गरम पाणी सोडा, सुटतं. थोडाही रस असेल तर डबा पाऊणच भरा.

जेवून झालं की लगेच विसळा. आणि झाकणातली रबरी रिंग आठवड्यातून एकदा सुरीच्या बोथट टोकाने काढून गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून भिजवा, घासा, उन्हात वाळवा. स्वच्छ दिसणाऱ्या डब्याला येणारा आंबूस वास त्या खाचेतून येतो.