तडकलेलं नख: आधी बघा, मग फाईल उचला

पार्लरात बाई तडकलेलं नख घेऊन आली, की आधी तड कुठवर गेलीय ते बघा. खालचं मांस दिसतंय, रक्त आहे, दाबल्यावर ठणकतंय किंवा हिरवट डाग आहे, तर ग्लू (नख चिकटवायचा झटपट गोंद), जेल काहीच नको. स्वच्छ पट्टी लावून डॉक्टरकडे पाठवा. हिरवा डाग बहुधा फटीत अडकलेल्या ओलाव्यात वाढलेल्या जीवाणूंचा. गोव्याच्या पावसाळ्यात तर हवाच ओली, म्हणून नख कोरडं करण्यात घाई नको.

तड फक्त पुढच्या मोकळ्या भागात असेल तर हात धुऊन पुसा, नख कमी करा, २४० ग्रिटच्या बफरने (ग्रिट म्हणजे खरखरीतपणाचा आकडा, जितका मोठा तितका बारीक) चकाकी तेवढी उतरवा. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून पूर्ण वाळू द्या. तडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठा, नखदुरुस्तीच्या पातळ सिल्क कापडाचा तुकडा कापा, कडा त्वचेला टेकू देऊ नका. वर ग्लूचा एकच थेंब. सिल्क पारदर्शक झालं की ग्लू मुरला. वाळल्यावर दुसरा पातळ थर, मग हलकं बफिंग. ग्लू कापसाने पुसायला जाऊ नका, कापूस तापून चटका बसतो.

कृत्रिम नख तडकलं तर नुसता वरून थर देऊन भागत नाही, तड खालून पुन्हा उमटते. १८० ग्रिटने तडेची खाच उघडा, सुटलेलं मटेरियल काढा, मग नवीन मटेरियल भरा. मुळाशी सुटलं असेल तर पूर्ण उतरवा. उपटलंत तर खऱ्या नखाचे पापुद्रे सोबत येतात.